पुळणीची वही : गावाने आपला वाळूचा किनारा कसा मोजावा आणि त्याचं मोल कसं मांडावं

जुलै-ऑगस्टच्या उधाणात कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या गावात समुद्र माडांच्या मुळाशी येतो. दोन-चार माड आडवे होतात, फोटो मोबाइलवर फिरतात, पुढारी येऊन बघून जातात आणि ग्रामपंचायत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करते. ऑक्टोबरात समुद्र निवळतो आणि बऱ्याच ठिकाणी गेलेली वाळू हळूहळू माघारी येते. ती सगळी आली का? दहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात होती तेवढी पुळण यंदाच्या मे महिन्यात आहे का? गावात विचाराल तर या प्रश्नाची दहा उत्तरं मिळतील. कागदावर मात्र एकही सापडणार नाही.

तो कागद कसा तयार करायचा, ते या लेखात आहे. ग्रामपंचायत, हायस्कूल, महिला बचत गट, रापण संघ (मोठं जाळं किनाऱ्यावर ओढून मासेमारी करणाऱ्यांचा गट), होमस्टेवाले, कुणीही हे काम करू शकतं. दोन काठ्या, एक दोरी, एक फुलस्केप वही आणि महिन्यातली एक सकाळ एवढं पुरतं. खरी अडचण चिकाटीची आहे, त्यामुळे सुरुवातीला काम जेवढं छोटं ठेवाल तेवढं ते टिकेल.

वाळू जाते कुठे आणि येते कुठून

पावसाळ्यातल्या लाटा उंच आणि एकामागोमाग एक येणाऱ्या असतात. त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात आणि तिथे तिचा बांध घालतात. पुढच्या लाटा या बांधावरच फुटू लागतात, म्हणजे वाळू पाण्याखाली जाऊनही किनारा राखतच असते. पावसाळा सरला की लांब, संथ लाटा तीच वाळू पुन्हा वर ढकलतात. मे अखेरीला पुळण सगळ्यात रुंद, तर ऑगस्टच्या आसपास सगळ्यात अरुंद असते. यंदाच्या ऑगस्टची तुलना गेल्या मे महिन्याशी केली तर प्रत्येक गावाचा किनारा खचत चाललेला दिसेल. तुलना मे महिन्याची मे महिन्याशीच करायची.

हे न बघता बंधारा बांधला की काय होतं, तेही समजून घ्यायला हवं. दगडी भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. भिंतीपुढची पुळण खाली बसते आणि परत येणारी वाळू तिथे टिकत नाही. भिंत जिथे संपते तिथून पुढे शेजारच्या वाडीची धूप वाढते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा बंधारा वर्षानुवर्षं ढासळतो आहे आणि वर्षानुवर्षं त्याची डागडुजी होते आहे. सगळीकडे बंधारा चुकीचाच असं मात्र नाही. मालवणजवळच्या देवबागसारख्या गावात एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तिथल्या लोकांना मागे सरकायला जागाच नाही. आपलं गाव मिऱ्याच्या वाटेवर आहे, देवबागसारखं कोंडीत आहे की नुसतंच ऋतूप्रमाणे आत-बाहेर होतं आहे, हे ठरवायला नोंदी लागतात.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातल्या उपग्रहचित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला. त्यात सुमारे 34 टक्के किनाऱ्याची धूप होताना दिसली, सुमारे 27 टक्के किनाऱ्यावर भर पडत होती आणि उरलेला स्थिर होता. ही माहिती राज्य-जिल्ह्याच्या नियोजनाला उपयोगी पडते. तुमच्या भंडारवाड्यापुढची दोनशे मीटर पुळण त्यात दिसायची नाही. ती तुम्हालाच मोजावी लागेल.

रेघा कुठे आखायच्या

कोकणातले बहुतेक वाळूचे किनारे दोन डोंगरसोंडांच्या मधे अडकलेले आहेत. वाऱ्या-लाटांची दिशा बदलली की वाळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. उत्तरेकडची वाडी ‘किनारा गेला’ म्हणत असते त्याच महिन्यात दक्षिणेकडे पुळण वाढलेली असू शकते. एकाच ठिकाणी मोजणाऱ्याला हे कळत नाही. त्यामुळे किमान तीन रेघा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे मोजत जायच्या ओळी, हव्यात : दोन्ही टोकांजवळ एकेक आणि मधोमध एक. खाडीचं मुख असेल तर तिथे चौथी रेघ घ्या, पण तिचा हिशेब वेगळा ठेवा. मुखाजवळची वाळू आठवड्यात कूस बदलते आणि तिथले आकडे बाकीच्यांत मिसळले की सगळंच गढूळ होतं.

प्रत्येक रेघेला जमिनीकडच्या बाजूला एक न हलणारा आरंभबिंदू लागतो. देवळाचा चौथरा, जुन्या विहिरीचा काठ, दीपगृहाची पायरी, पक्क्या घराच्या जोत्याचा कोपरा यातलं काहीही चालेल. माडाचं खोड घेऊ नका, कारण आपण ज्याची मोजणी करतो त्याच्याबरोबर ते वाहून जाऊ शकतं. जवळ काहीच नसेल तर वाळूच्या टेकाडाच्या मागे, घट्ट जमिनीत, सिमेंटचा खांब पुरा. खांबाच्या माथ्यावर ऑइलपेंटने खूण करा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि दोन पक्क्या वस्तूंपासूनची त्याची अंतरं टेपने मोजून लिहून ठेवा. खांब गेला तरी जागा पुन्हा सापडते. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश जरूर लिहा, पण मोबाइल दाखवतो त्या उंचीवर विसंबू नका. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपल्याला सेंटिमीटर मोजायचे आहेत.

रेघ समुद्राकडे नेहमी एकाच दिशेने जायला हवी. त्यासाठी खांबाच्या मागे आणखी एक खूण ठरवा. मोजताना दोन्ही खुणा एका ओळीत दिसल्या की दिशा बरोबर.

दिवस कसा निवडायचा

हे पंचांगावर सोपं जातं. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटीचा तळ भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी येतो.

आता द्वितीया घ्या. भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेआठच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाचा जोर सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे पाणीही सगळ्यात खाली जातं. सकाळची वेळ, ऊन कमी, पर्यटक तुरळक आणि पुळण लांबवर उघडी. महिन्याची मोजणी पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला ठेवा आणि तीच कायम पाळा. ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणालात की कधी उधाण, कधी भांग (अष्टमीच्या आसपासची कमी जोराची भरती-ओहोटी) गाठाल, आणि भांगाला पाणी तेवढं खाली जातच नाही.

पाऊणचा हिशेब ढोबळ आहे. मुंबईपेक्षा मालवण-वेंगुर्ल्याला भरती थोडी आधी लागते आणि वर्षभरात वेळ मागेपुढे होत राहते. आदल्या दिवशी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर जवळच्या बंदराची वेळ बघून घ्या. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी काम सुरू करायचं.

जून ते सप्टेंबर मोजणी बंद ठेवू नका, कारण खरी उलथापालथ तेव्हाच होते. मात्र लाटा पोहोचतात त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबा. पुढे गेलेल्या माणसाची पाठ समुद्राकडे असता कामा नये. अर्धी रेघ मोजून परत आलं तरी चालतं. वहीत ‘लाटांमुळे 24 मीटरवर थांबलो’ असं लिहायचं.

दोन काठ्यांची मोजणी

अमेरिकन सागरशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी 1961 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. सिडनीजवळच्या नॅरबीन-कॉलरॉय किनाऱ्याची दरमहाची मोजणी 1976 मध्ये याच काठ्यांनी सुरू झाली. आज ती जगातल्या सर्वांत दीर्घ किनारा-नोंदींपैकी एक मानली जाते.

दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या. बांबू वाकतो, म्हणून लाकडी पट्टी किंवा जाड पीव्हीसी पाइप बरा. दोन्हींवर वरच्या टोकापासून खाली दर सेंटिमीटरला खूण करा. शून्य माथ्यावर आलं पाहिजे. दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा रंगवला की वाचायला सोपं जातं. तळाला चपटी लाकडी चकती ठोका, नाहीतर ओल्या वाळूत काठी रुतते आणि प्रत्येक आकडा चुकतो. दोन काठ्यांमध्ये बरोबर दोन मीटरची दोरी बांधा. सुतळी भिजली की आखडते, म्हणून नायलॉनची घ्या.

माणसं तीन लागतात. एक समुद्राकडची काठी धरतो, दुसरा जमिनीकडची काठी धरून बघतो, तिसरी व्यक्ती वही लिहिते. मागची काठी आरंभबिंदूवर, पुढची दोन मीटर समुद्राकडे, दोरी ताणलेली आणि दोन्ही काठ्या ओळंब्यात. आता मागचा माणूस क्षितिजाकडे, म्हणजे समुद्र आणि आभाळ मिळतात त्या रेषेकडे बघतो.

पुढे उतार असेल तर पुढच्या काठीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत येतील अशा उंचीवर तो डोळा आणतो. ही नजर त्याच्या स्वतःच्या काठीला जिथे छेदते तो आकडा म्हणजे उतार. 8 वर छेदली तर जमीन 8 सेंटिमीटर खाली गेली. पुढे चढ असेल तर उलट करायचं : स्वतःच्या काठीच्या माथ्यावरून क्षितिज बघायचं आणि ती रेषा पुढच्या काठीला कुठे छेदते ते वाचायचं. तो आकडा चढाचा. बघणारा मोठ्याने ‘खाली आठ’ किंवा ‘वर पाच’ म्हणतो, लिहिणारी तेच परत उच्चारते आणि मग लिहिते. हे परत उच्चारणं टाळू नका. वाऱ्यात ‘सात’ आणि ‘आठ’ यांत फारसा फरक उरत नाही.

मग मागची काठी पुढच्या काठीने जिथे वाळूवर खूण केली त्याच जागी येते, पुढची आणखी दोन मीटर पुढे जाते, आणि असंच पाण्याच्या कडेपर्यंत चालू राहतं. वाटेत जे भेटेल ते अंतरासह लिहायचं : मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) कुठे संपली, वाळलेल्या कचऱ्याची म्हणजे कालच्या भरतीची रेघ कुठे आहे, ओली वाळू कुठून सुरू झाली, काळ्या वाळूचा थर दिसला का. रत्नागिरीच्या आसपास इल्मेनाइट या जड, काळ्या खनिजामुळे असे काळे पट्टे दिसतात. हलकी वाळू वाहून जाते आणि जड कण मागे उरतात, त्यामुळे अचानक उमटलेला काळा थर नुकत्याच झालेल्या धुपेची खूण असू शकतो.

धुक्यात किंवा पावसाच्या पडद्यात क्षितिज दिसत नाही. अशा वेळी गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीची दोन टोकं दोन काठ्यांना लावली की पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी, आणि आकड्यांतला फरक म्हणजे उतार. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, एवढं बघायचं. क्षितिजाच्या पद्धतीत एक बारीक चूक असते : आपला डोळा समुद्रसपाटीहून उंच असल्यामुळे क्षितिज खऱ्या आडव्या रेषेपेक्षा किंचित खाली दिसतं आणि उतार थोडा कमी भरतो. पण त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजत राहिलात तर ही चूक दर वेळी जवळपास तेवढीच राहते आणि तुलनेला बाध येत नाही.

वहीतून ब्रासपर्यंत

समजा, एका रेघेवर पहिले चार आकडे आले : खाली 8, खाली 12, वर 5, खाली 22. आरंभबिंदूपासून बेरीज करत गेलं की दोन मीटरवर जमीन 8 सेंटिमीटर खाली, चार मीटरवर 20, सहा मीटरवर 15 आणि आठ मीटरवर 37. हे बिंदू आलेख कागदावर जोडले की पुळणीचा छेद तयार. मे महिन्याचा छेद निळ्या शाईने आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्याचा लाल शाईने एकाच कागदावर काढा. मधली जागा म्हणजे गेलेली किंवा आलेली वाळू. एक्सेल येणारा कुणी मिळाला तर उत्तम, पण आठवी-नववीची मुलं हे हाताने व्यवस्थित करतात आणि त्यांचा आलेख ग्रामसभेत जास्त लोक बघतात.

आता आकारमान. दोन छेदांमध्ये 40 मीटर रुंदीवर सरासरी 30 सेंटिमीटरचा फरक पडला असं धरू. किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे 12 घनमीटर वाळू गेली. ती रेघ जर 200 मीटर किनाऱ्याचं प्रतिनिधित्व करत असेल तर एकूण 2,400 घनमीटर. गावात घनमीटर कुणी बोलत नाही. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर, तेव्हा हे झाले जवळपास 850 ब्रास. हा आकडा सभेत सांगितला की बैठक ताठ होते.

निष्कर्षाची घाई करू नका. पहिल्या वर्षाच्या नोंदींवरून फक्त ऋतूची ये-जा कळते. धूप होते आहे असं ठामपणे म्हणायला किमान तीन-चार वर्षांचे मे महिने हाताशी हवेत.

फोटो आणि उपग्रहचित्रं

काठ्यांच्या जोडीला एक फोटोची जागा ठरवा. सिडनीच्या किनाऱ्यांवर 2017 पासून ‘कोस्टस्नॅप’ नावाने लोक असे फोटो काढत आहेत. मोबाइल ठेवायची चौकट पक्की बसवलेली असते, येणारा-जाणारा त्यात फोन ठेवून फोटो काढतो आणि तारीख-वेळेसह पाठवतो. आपल्याकडे देवळाच्या कट्ट्यावर किंवा शाळेच्या गच्चीवर लोखंडी कोन ठोकला तरी काम भागतं. फोटोत एका बाजूला न हलणारं काहीतरी, खडक किंवा इमारत, यायलाच हवं.

गूगल अर्थवरची जुनी चित्रं जरूर बघा, पण पाण्याची कड बघून फसू नका. किनाऱ्याचा उतार तीस मीटरला एक मीटर असेल आणि दोन चित्रांमध्ये पाण्याच्या पातळीचा फरक दोन मीटर असेल, तर वाळूचा एक कणही न हलता पाण्याची कड 60 मीटर सरकलेली दिसते. मुंबई-रायगडकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून तिथे हा धोका जास्त. वनस्पतींची कड, म्हणजे मर्यादवेल किंवा सुरूचं बन जिथे सुरू होतं ती रेषा, जास्त विश्वासाची आहे.

जिवंत पुळण

यावर थोडक्यात, कारण बहुतेक गावं इथेच सगळा उत्साह खर्च करतात. मोजणीच्याच सकाळी, पर्यटक यायच्या आधी, एक मीटर चौरस चौकट ठेवून तिच्यातली खेकड्यांची बिळं मोजा. प्रत्येक रेघेवर कोरड्या वाळूत ठरलेल्या तीन ठिकाणी. वाळूवर जीपगाड्या फिरवल्या जातात तिथे आणि फिरवल्या जात नाहीत तिथे, असे दोन्ही आकडे ठेवलेत तर पुढे गाड्यांना बंदी घालताना वाद कमी होतो.

कचऱ्यासाठी 100 मीटरची एकच पट्टी ठरवा आणि तिच्यातल्या वस्तू वजनाऐवजी नगावर, प्रकारवार मोजा : जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, चपला, थर्माकोल, औषधांची वेष्टनं. खाडीतून आलेला, पर्यटकांनी टाकलेला आणि मासेमारीतून आलेला कचरा वेगळा दिसू लागतो, आणि उपायही वेगवेगळे असतात. पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे लागले तर तारीख आणि फोटो नोंदवा.

कासवाचा माग दिसला तर अंडी शोधत उकरू नका. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, थेट वनविभागाला कळवायचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र, वनविभाग आणि गावकऱ्यांनी घरटी राखली आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. किनारा राखल्याने गावात पैसा येतो, याचं कोकणातलं हे सगळ्यात परिचित उदाहरण. वहीत घरट्याची तारीख आणि आरंभबिंदूपासूनचं अंतर लिहा. दर वर्षी घरटी माडांच्या बाजूला सरकत असतील तर तीही किनाऱ्याचीच मोजणी आहे.

मोल कसं मांडायचं

सुरुवातीलाच एक पथ्य. 850 ब्रासला वाळूच्या बाजारभावाने गुणू नका. तो आकडा मोठा येतो, टाळ्या मिळतात, आणि सहा महिन्यांत कुणीतरी तोच आकडा घेऊन वाळू उपशाची भाषा करतं. किनाऱ्यावरच्या वाळूच्या उत्खननाला किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी मुळात मनाई आहे. आणि वाळूचं मोल ती आहे तिथे पडून काय करते यात आहे.

पहिलं काम म्हणजे वापरांची यादी, जागेनुसार आणि महिन्यानुसार. ग्रामपंचायतीकडचा नकाशा जमिनीवर पसरा आणि विचारा : इथे कोण काय करतं? होड्या कुठे ओढतात, मासळी कुठे सुकते, रापण कुठे लागते, गणपती कुठे विसर्जित होतात, नारळी पौर्णिमेची पूजा कुठे, मुलं क्रिकेट कुठे खेळतात, स्मशान कुठे आहे. पुरुषांची आणि बायकांची बैठक वेगळी घ्या. एकत्र बैठकीत होड्या आणि पर्यटन यावरच बोलणं होतं. मासळी सुकवण्याची जागा, सरपण गोळा करण्याची जागा आणि संध्याकाळी बसायची जागा बायकांच्या नकाशातच उमटते.

दुसरं काम : प्रत्येक वापराला विचारा, पुळण नसेल तर काय कराल? याच उत्तरात किंमत दडलेली असते. समजा, 30 बायका वर्षाला 100 दिवस, रोज 15 किलो मासळी वाळूवर सुकवतात आणि मीठ-मजुरी वजा जाता किलोमागे 40 रुपये सुटतात. वर्षाचे 18 लाख झाले. पण पुळण गेली तर हे 18 लाख जातीलच असं नाही. सिमेंटचा ओटा किंवा बांबूच्या वलांड्या उभारून काम चालू ठेवता येत असेल आणि त्याचा वर्षाचा खर्च 6 लाख असेल, तर या वापरासाठी पुळणीचं मोल 6 लाख धरा. बुडणारं उत्पन्न आणि पर्यायाचा खर्च, यांतला जो आकडा लहान तो लिहायचा. मोठा आकडा लिहायचा मोह होतो, पण समोरच्या अधिकाऱ्याने एकच नेमका प्रश्न विचारला की अख्खी वही संशयात येते.

रापणीला मात्र पर्याय सापडत नाही. होडीने अर्धवर्तुळात टाकलेलं लांब जाळं दोन्ही बाजूंनी किनाऱ्यावर ओढायचं, त्याला लांब, स्वच्छ, दगड नसलेली पुळण लागते. पुळणीवर बंधाऱ्याचे दगड पडले की रापण बंद. तिथे पूर्ण निव्वळ उत्पन्न धरणं रास्त आहे, आणि बंधाऱ्याच्या खर्चात ते कुणी मोजत नाही हेही लिहिणं रास्त आहे.

होमस्टेचा हिशेब जपून करा. समजा, गावात 40 खोल्या, वर्षाला सरासरी 90 रात्री भरलेल्या, दर 1,500 रुपये. उलाढाल 54 लाख. पण किराणा, मजुरी, वीज वजा जाता 40 टक्के हातात राहतात, म्हणजे 21 लाख 60 हजार. आता पाहुण्यांना विचारा : पुळण नसती तर या गावात आला असतात का? शंभरातले 70 जण ‘नाही’ म्हणाले तर पुळणीच्या नावावर 15 लाख 12 हजार. उलाढाल, निव्वळ उत्पन्न आणि पुळणीचा वाटा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच पाहुण्यांना आणखी चार प्रश्न विचारले तर दुसरा हिशेबही जमतो : कुठून आलात, किती जण, किती दिवस, येण्याजाण्यात किती खर्च झाला? पुण्याहून येणारा माणूस चिपळूणहून येणाऱ्यापेक्षा जास्त खर्च करून येतो आणि त्या मानाने कमी वेळा येतो. या फरकावरून लोकांना किनारा किती मोलाचा वाटतो याचा अंदाज अर्थशास्त्रज्ञ बांधतात. गावाने फक्त आकडे नीट गोळा करावेत, पुढचं गणित जवळच्या महाविद्यालयातल्या अर्थशास्त्र विभागाला करू द्यावं. हे मोल पाहुण्यांचं आहे, गावाचं उत्पन्न नव्हे, म्हणून दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात करू नका.

सगळ्यात दुर्लक्षित वापर राखणीचा. वाळूचं टेकाड मागच्या वाड्या, घरं आणि विहिरी राखतं. टेकाडामागे 200 मीटरच्या आत काय काय आहे ते मोजा : माड, पोफळी, घरं, रस्ता, विजेचे खांब. विहिरींसाठी काहीशे रुपयांना मिळणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) घ्या आणि दर महिन्याच्या मोजणीच्या दिवशी ठरलेल्या चार विहिरींचं पाणी तपासा. वाळूत झिरपलेलं पावसाचं गोड पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटून ठेवतं. टेकाड सपाट केलं किंवा उपसा वाढला की एप्रिल-मे महिन्यांत आकडा चढू लागतो. विहीर खारट झाली तर टँकरला किती पैसे पडतील, हा हिशेब कुणालाही समजतो.

जे रुपयांत येत नाही ते ओढूनताणून आणू नका. शिमगा, विसर्जन, अंत्यविधी यांसाठी चिंचोक्यांची पद्धत वापरा. वापरांची चित्रं जमिनीवर मांडा, प्रत्येक घरातल्या एका माणसाला 20 चिंचोके द्या आणि त्याला महत्त्वाचं वाटेल त्या चित्रावर ठेवायला सांगा. पैशांच्या यादीत पहिला असलेला वापर चिंचोक्यांच्या यादीत चौथा निघू शकतो. दोन्ही याद्या शेजारी-शेजारी लावा.

वही कामाला लावणं

ग्रामसभेत वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या मोजणीनंतर, एक पान वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. जैवविविधता कायद्याखाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोकजैवविविधता नोंदवहीला तुमचे छेद आणि घरट्यांच्या नोंदी जोडल्या की ती कागदपत्रं सरकारी दप्तरात येतात.

किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे मागवून बघा. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात येतात. पण नकाशावर तुमची टेकडी दाखवलीच नसेल तर कागदोपत्री ती नाही. हरकतीच्या मुदतीत फोटो, अक्षांश-रेखांश आणि छेद जोडून अर्ज करा. नुसतं ‘आमच्याकडे टेकडी आहे’ लिहिलेल्या अर्जापेक्षा त्याला वजन येतं.

बंधाऱ्याचा प्रस्ताव आला तर तीन गोष्टी लेखी मागा : कुठल्या महिन्यांच्या मोजणीवर तो आधारलेला आहे, भिंतीच्या दोन्ही टोकांना काय होईल याचा अभ्यास केला आहे का, आणि टेकाड पुन्हा उभं करण्याचा पर्याय तपासला का. पुदुच्चेरीत 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या भिंतींनी वाळूची वाट अडली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. ती परत आणण्यासाठी 2018 मध्ये समुद्रात पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा कृत्रिम बांध उभारावा लागला. म्हणून जवळपास नवी जेटी किंवा बंदर येणार असं कळलं की लगेच मोजणी सुरू करा. काम सुरू होण्याआधीच्या नोंदी नंतर कुणालाही तयार करता येत नाहीत.

वादळाचा अंदाज आला तर द्वितीयेची वाट बघू नका. इशारा मिळाल्यावर, समुद्र चढायच्या आत, तिन्ही रेघा मोजून घ्या. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. मे-जूनमध्ये पुळण सगळ्यात भरलेली असते, म्हणून आदल्या दिवशीचा छेद हाताशी असला की नुकसानीचा पंचनामा माडांपुरता न राहता वाळूचाही होतो. वादळानंतर समुद्र उतरला की पहिल्या सुरक्षित ओहोटीला, मग पंधरा दिवसांनी आणि मग नेहमीच्या तिथीला मोजा. आरंभबिंदूचा खांबच गेला असेल तर दोन पक्क्या खुणांवरून जागा शोधून नवा खांब पुरा, वहीत तारखेसह तसं लिहा आणि त्या पानाचा फोटो गावाबाहेरच्या कुणाला तरी त्याच दिवशी पाठवून ठेवा.